बाहेर गेल्याची वेळ

१

जव्हारजवळ दाभोशात आमच्या कार्यालयाच्या ओटीवर एक वही असते. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधलेली. तिच्यात पाच रकाने: नाव, कुठून, काम, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. वही हरेशची. संस्थेने त्याला मुलांची वजनं संगणकात भरायला ठेवलं, पण त्याआधी आठ वर्षं तो एका आश्रमशाळेच्या फाटकावर होता, आणि नोंद केल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही ही सवय त्याने बरोबर आणली. अंगणवाडी सेविका, सुनिता सिस्टर, संस्थेची जीप चालवणारा जिवा, वाट चुकून आलेले धबधब्याचे पर्यटक, सगळ्यांच्या सह्या तिच्यात होत्या. दोन हजार सात साली त्या वहीत भाद्रपदापर्यंत एकाच माणसाचं नाव नव्हतं. माझं.

कारण साधं होतं. मी त्याच घरात राहत होते. पुढे ओटी, मध्ये कार्यालयाची खोली, मागे माझी चूल आणि खाट. सकाळी चहा झाला की मी मागच्या खोलीतून मधल्या खोलीत जायचे आणि संगणकापुढे बसायचे. हरेश ओटीवर आणि मी आत, मध्ये बंद दार. माझ्या लाकडी खुर्चीचा एक पाय आखूड होता. बसताना एकदा आणि उठताना एकदा ती ‘टक’ करायची. हरेश म्हणायचा की त्या आवाजावरून त्याला मी आहे की नाही ते कळतं.

“ताई,” तो एकदा वही मिटत म्हणाला, “वहीप्रमाणं तुम्ही दीड वर्षात एकदाही कामावर आलेल्या नाहीत.”

मी हसले होते.

माझे बाबा मोखाड्याकडे शिक्षक. ब्याण्णव साली मी नऊ वर्षांची होते. त्या साली वावर गावाच्या बाजूने येणाऱ्या जीप आमच्या शाळेपुढे पाण्याला थांबत, मोठी माणसं हलक्या आवाजात दगावलेल्या मुलांचे आकडे सांगत, आणि बाबा जेवताना बोलत नसत. पुढे मी सुरतकलला संगणकाचं शिकले, एक वर्ष बंगळूरला नोकरी केली आणि परत आले. माझी एकच श्रद्धा होती. इथली मुलं मरतात कारण बातमी उशिरा पोचते. ती बातमी मी वेळेवर पोचवणार होते.

२

वजनं सांभाळणारा प्रोग्रॅम मीच जावा भाषेत लिहिला होता. हरेशला तो त्याच्या वहीवरूनच समजावला.

“आत एक घटक असतो, प्रोग्रॅमचा एक तुकडा. मुलांची वजनं त्याच्याकडे. पण त्याला कोणी थेट भेटत नाही. ज्या चौकटीत हे सगळं चालतं, ती दारात एक बदली उभा करते. नाव तेच, चेहरा तोच. आपण बोलतो ते त्या बदलीशी. तो आधी नोंद करतो, मग निरोप आत नेतो.”

“मग खरा दिसतो कधी?”

“कधीच नाही. खरा आतच असतो. काम मात्र तोच करतो.”

आश्रमशाळेच्या मोठ्या साहेबांचंही असंच होतं, हरेश म्हणाला, आणि त्याला ते पटलं.

दारातल्या नोंदीला मी आणखी एक काम जोडलं होतं. एखादं मूल गंभीर आहे अशी हाक आली की संगणकाला जोडलेल्या मोबाईलवरून सुनिता सिस्टरला संदेश जायचा. आमच्या डोंगरात बोलणं लागत नाही. संदेश मात्र जीप खिंडीत चढली की पोचतो, आणि तो पोचेपर्यंत संगणक पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. संस्थेची जीप एकच, ती कायम सिस्टरकडे. संदेश गेला की ती यायची.

भाद्रपदात सिस्टर ओटीवर येऊन बसल्या आणि पाणीही न घेता त्यांनी विचारलं की खालच्या पाड्यातल्या एका मुलाचं वजन तीन महिने घसरतंय, ते संगणकात आहे, मग त्यांना का कळवलं नाही.

मी दोन दिवस शोधत होते. हाताने ‘कळव’ म्हटलं की संदेश जात होता. वजन भरताना जात नव्हता. तिसऱ्या दिवशी चूक दिसली. वजन लिहिणारा घटक धोका ओळखत होता. मग तो स्वतःच्याच दुसऱ्या कामाला हाक मारत होता, ‘कळव’ म्हणून. पण आतल्याने आतल्याला मारलेली हाक दारातून जात नाही. बदलीला ती ऐकूच येत नव्हती. नोंद नाही, संदेश नाही. तीन महिने माझा प्रोग्रॅम बंद खोलीत स्वतःशी ओरडत होता.

“तुमच्यासारखंच,” हरेश म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. “मागच्या खोलीतून मधल्या खोलीत. वहीला काय कळणार?”

अशी अकरा मुलं निघाली.

३

इलाज एका ओळीचा होता. घटकाने चौकटीकडे स्वतःचाच बाहेरचा पत्ता मागायचा, आणि स्वतःला हाक मारायची असेल तर त्या पत्त्यावरून मारायची. म्हणजे आपल्याच घरातून बाहेर पडून, वळसा घालून, आपल्याच दारात येऊन उभं राहायचं. दारात नोंद होते, मग निरोप आत जातो. आत आपणच असतो.

ती ओळ मी सोमवारी घातली. त्याच सकाळी मी ठरवलं की मीसुद्धा मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून पुढून येईन आणि सही करीन. ज्या सवयीने अकरा मुलं दिसेनाशी झाली ती माझ्यात असायला नको. हरेशने वही वळवून दिली, पेनाचं टोपण काढून दिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “या ताई. कुठून आलात?”

“घरून,” मी लिहिलं. आत आल्याची वेळ नऊ दहा. बाहेर गेल्याची वेळ मी लिहीत नसे. मागच्या खोलीत गेलं म्हणजे बाहेर जाणं नव्हे.

गुरुवारपर्यंत दहा मुलांकडे जीप जाऊन आली. एकाला जव्हारच्या दवाखान्यात दाखल केलं. अकरावी राहिली होती. क्रमांक चारशे अठरा, सरू, वय चौदा महिने, आई नवशी, वरचा पाडा. तिच्यापुढे पडद्यावर हिरवी खूण होती, जी आली की संगणक संदेश पाठवणं थांबवतो: ‘भेट झाली. वजन ५.६. जीप नको.’

भेट कोणी दिली त्या जागी माझं नाव होतं: पुष्पलता.

४

मी वरच्या पाड्यावर कधी गेलेले नव्हते.

पहिल्यांदा मला स्वतःचाच राग आला. चाचणी करताना मी खोट्या भेटी भरत असे, त्यातलीच एखादी राहून गेली असणार. मी खूण काढली, सरूचं नाव पुन्हा उघडलं आणि संदेश पाठवला. दुपारी चहा करून परत आले तर खूण पुन्हा हिरवी. भेट झाली. वजन ५.५. जीप नको. वेळ बारा चाळीस.

चाचणीच्या सगळ्या ओळी मी काढून टाकल्या. ठरावीक वेळी आपोआप चालणारं काही उरलं आहे का ते पाहिलं. नव्हतं. परवलीचा शब्द बदलला. मग नोंदींची यादी उघडली. माझ्या त्या एका ओळीमुळे घटक स्वतःला हाक मारायचा तेव्हा हाक मारणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव यायचं, ते अपेक्षित होतं. पण बारा चाळीसच्या नोंदीत घटकाचं नाव नव्हतं. तिथे ‘पुष्पलता’ होतं, आणि हाक बाहेरून आली होती.

मी ओटीवर जाऊन हरेशला विचारलं की दुपारी कोणी येऊन गेलं का.

“तुम्हीच.”

त्याने वही वळवली. सकाळची नऊ दहाची माझी सही. खाली दोन सेविका आणि जिवा. त्याखाली पुन्हा माझी सही. पुष्पलता. कुठून: वरचा पाडा. काम: ४१८. आत आल्याची वेळ बारा चाळीस. ‘ष्प’ लिहिताना माझं पेन अडकतं आणि तिथे शाईचा ठिपका राहतो. तिथे ठिपका होता.

काल आणि परवाही तसंच होतं. दिवसाला दोनदा आत. बाहेर एकदाही नाही.

“मला वाटलं तुम्ही मागून बाहेर जाता आणि पुन्हा पुढून येता,” हरेश म्हणाला. “तुम्हीच सुरू केलंत ना ते. मी म्हटलं, ताईंचं काही मोजमाप चाललं असेल.”

“मी आत जाताना तू पाहिलंस?”

सही करताना पाहिलं, तो म्हणाला. मग तो मान खाली घालून वेळ तपासतो. मान वर करतो तेव्हा दार लागलेलं असतं. मग खुर्ची वाजते.

५

माणूस शिकलेला असला की त्याच्याकडे भीतीसाठी पुष्कळ चांगली नावं असतात. मी ती सगळी वापरली. थकवा. उपास. हरेशची थट्टा. मी स्वतःच झोपेतल्यासारखी बाहेर जाऊन येत असेन आणि मला आठवत नसेल, हेही लिहून काढलं आणि त्यापुढे ‘शक्य’ असं लिहिलं.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी पुढून येऊन सही केली, मधल्या खोलीत बसले आणि मागच्या खोलीचं दार आतून कडी लावून बंद केलं. साडेबारापासून मी पुढच्या दाराकडे तोंड करून बसले होते. खोलीत पंख्याचा आणि संगणकाचा आवाज. त्यांच्या मागे धबधब्याचा, जो श्रावणापासून थांबत नाही आणि म्हणून ऐकू येत नाही. ओटीवर हरेश अंगणवाडीचे आकडे पुटपुटत होता.

बारा चाळीसला तो पुटपुटायचा थांबला.

“या ताई,” तो म्हणाला.

वही वळवल्याचा आवाज आला. पेनाचं टोपण. मग कागदावर पेन सरकल्याचा आवाज, एका जागी अडकलेला आणि पुढे गेलेला. पावलं दारापाशी आली. आमच्या दाराखाली दोन बोटांची फट आहे, दुपारी तिच्यातून उन्हाची पट्टी आत येते. त्या पट्टीत दोन ठिकाणी काळं झालं. कोणी तरी दाराशी उभं होतं. पायात माझ्यासारख्याच पट्ट्याच्या चपला होत्या, एवढं फटीतून दिसलं. डाव्या चपलेचा पट्टा मी काळ्या दोऱ्याने शिवला आहे. मी खाली वाकून पाहिलं नाही.

दार उघडलं नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय हाक मारायची? ज्या नावाने हाक मारायची ते माझं होतं.

मी उठले. खुर्ची वाजली. त्या आवाजासरशी उन्हाची पट्टी सलग झाली. पडद्यावर चारशे अठराच्या पुढे हिरवी खूण उमटली होती. भेट झाली. वजन ५.४. जीप नको.

भीती वाटत होती, पण त्या क्षणी मला भीतीपेक्षा तो आकडा मोठा वाटला. चार दिवसांत दोनशे ग्रॅम. आकडा खोटा असेल तर सरू कशी आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि खरा असेल तर तिची बातमी पोचवणारी मीच तिची जीप अडवत होते.

६

शनिवारी सात वाजता मी मागच्या दाराने निघाले. वहीत सही केली नाही, हरेश आलेलाच नव्हता. घाईत मोबाईल आत टेबलावर राहिला. वजनाचा काटा आणि झोळी खांद्याला लावून मी वरच्या पाड्याची वाट धरली. खाचरांत भात निसवत होतं, लोंब्या बाहेर येत होत्या. चढ अडीच तासांचा.

नवशी अंगणात नाचणीचा कोंडा पाखडत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा कामाला लागली.

“परत आलीस?”

मी पहिल्यांदाच येतेय, असं मी सांगितलं.

“चारदा आलीस,” ती म्हणाली. “मंगळवारपासून रोज. अंगणातून हाक मारायचीस. मी पोरगी द्यायची, तू काट्याला लावायचीस, लिहायचीस, जायचीस. पाणी दिलं तर घेतलं नाय. आत ये म्हटलं तर दारात उभी.” तिने सूप खाली ठेवलं. “वजन करायला रोज माणूस येतंय. खायला घालायला कोण येत नाय.”

मी उंबरा ओलांडून आत गेले. नवशीची सासू धोंडीबाई चुलीशी बसली होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि सुनेला तिच्या बोलीत काही तरी म्हणाली. काय म्हणाली ते मी विचारलं.

“म्हणते, ही आत आली,” नवशी म्हणाली.

सरू गोधडीवर होती. तिचे डोळे उघडे होते, पण कशावर ठरत नव्हते. ती रडत नव्हती, मला तेच जास्त लागलं. मी काट्याला झोळी अडकवली. ५.३.

मी तिला उचललं. नवशीने काही न विचारता डोक्यावर पदर घेतला आणि आम्ही उतरायला लागलो. जव्हारच्या बाजाराचा दिवस होता, दाभोशातल्या सगळ्या जीप आणि मोटरसायकली सकाळीच गेलेल्या. पायी जव्हार गाठेपर्यंत ही टिकणार नव्हती. संस्थेची जीपच बोलवायला हवी होती, आणि ती बोलावता येत होती फक्त माझ्या टेबलावरून. वाटेत नवशी आणि मी पोरीला आळीपाळीने घेत होतो. मला तिचं ओझं लागत नव्हतं, आणि ते न लागणंच असह्य होतं.

ओटीच्या पायऱ्या चढताना मी घड्याळ पाहिलं. बारा चाळीस.

७

“या ताई,” हरेश म्हणाला, आणि सवयीने वही वळवली.

मी म्हटलं की नोंद राहू दे, मला आत जाऊ दे, जीप बोलवायची आहे. तेवढ्यात माझी नजर पानावर गेली. आजच्या तारखेखाली पहिलीच ओळ: पुष्पलता. घरून. आत आल्याची वेळ नऊ दहा. ‘ष्प’वर ठिपका.

बंद दारामागे खुर्ची वाजली. टक.

हरेशने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या चिखलाच्या पायांकडे, नवशीकडे, पोरीकडे. त्याचा चेहरा आठ वर्षं फाटकावर उभ्या राहिलेल्या माणसाचा झाला. तो बोलला तेव्हा आवाज अगदी सभ्य होता.

“बाई, तुम्हाला कोणाला भेटायचंय?”

“हरेश, मी आहे.”

“ताई आत आहेत,” तो म्हणाला. त्याने पेनाचं टोपण काढून माझ्यापुढे धरलं. “नोंद करा. मी निरोप नेतो.”

दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं. त्याला कडीही नव्हती. मी त्याला बाजूला सारून आत शिरू शकले असते, आणि माझ्या अंगातला प्रत्येक कण तेच म्हणत होता. माझी खोली, माझी खुर्ची. पण नवशीच्या खांद्यावर सरूची मान कलली आणि मला माझाच प्रोग्रॅम आठवला. जी हाक दारातल्या नोंदीतून जात नाही तिचा संदेश निघत नाही. तीन महिने या पोरीची बातमी अशीच आत राहिली होती. आज मी दार ढकललं तर आत काय होईल ते मला माहीत नव्हतं. नोंद केली तर काय होतं, ते मात्र मीच ठरवून दिलं होतं.

मी पेन घेतलं. पुष्पलता. वरचा पाडा. काम: ४१८, सरू, ५.३, गंभीर, जीप हवी. बारा बेचाळीस.

हरेश दारापाशी गेला आणि ते न उघडता, फटीशी तोंड नेऊन, त्याने माझी ओळ वाचून दाखवली.

आत शांतता होती. धबधबा ऐकू येत होता. मग कळा वाजायला लागल्या. मी माझं टंकलेखन कधी बाहेरून ऐकलं नव्हतं. भराभर, आणि शेवटच्या कळीआधी एक छोटा थांबा, चुकलं तर नाही ना पाहण्याचा. तो थांबा आला. मग शेवटची कळ. मग संदेश निघाल्याचा मोबाईलचा बारीक आवाज.

हरेश परत येऊन बसला. “ताई म्हणाल्या, झालं काम,” तो म्हणाला. आतून कोणी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

वीस मिनिटांनी खिंडीकडून जिवाचा हॉर्न आला. सिस्टर जीप थांबायच्या आत उतरल्या आणि त्यांनी पोरीला हातात घेतलं. संदेश खिंडीतच मिळाला, त्या म्हणाल्या, आणि मला विचारलं की मी इथे बाहेर कशाला उभी आहे. मी सांगितलं की मीही येते.

निघताना हरेशने वही पुढे केली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी बाहेर गेल्याची वेळ लिहिली. एक पाच. माझ्या नावापुढे तो रकाना पहिल्यांदाच भरला गेला.

सरू जगली. महिन्याभराने तिचं वजन सहा किलोंवर गेलं, आणि पहिल्यांदा ती वाटीसाठी रडली तेव्हा नवशी माझ्याकडे पाहून हसली. मी जव्हारलाच राहते, दवाखान्याजवळ खोली घेतली आहे. दाभोशाहून संदेश वेळेवर येतात. त्यानंतर एकही मूल सुटलेलं नाही. काम माझ्याहून चांगलं चालतं.

पण त्या दुपारी जीप घराच्या मागून वळली तेव्हा सरू पुन्हा माझ्या खांद्यावर होती, तोंड मागे. मागच्या खोलीची खिडकी तिच्यासमोर आली असणार. सकाळपासून कशावरही न ठरलेले तिचे डोळे त्या खिडकीवर ठरले. ते मला दिसलं नाही, माझ्या मानेशी तिचा श्वास बदलला त्यावरून कळलं. मग तिने हात वर केला, ओळखीच्या माणसाकडे जावं म्हणून मुलं करतात तसा. नवशीने खिडकीकडे एकदा पाहिलं आणि पदराने पोरीचे डोळे झाकले.

मी विचारलं नाही. मी मागे वळूनही पाहिलं नाही. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता, आणि मला आठवत नव्हतं, मी तो काळ्या दोऱ्याने कधी शिवला होता की नाही.